गच्चीवरचा कोरा चौकोन

१

रंगपंचमीच्या दुपारी अख्खं इंदूर रंगात न्हात होतं, आणि फणसेंच्या घरी वरच्या मजल्यावर इंदिराबाई पांढऱ्या स्वच्छ पातळात मरून पडल्या होत्या. अंगावर ना आगीचा चटका, ना रंगाचा थेंब. नाकपुड्यांशी तेवढ्या काजळीच्या दोन रेघा होत्या.

आग लागली होती तळमजल्यावर, दुर्गाबाईंच्या गाद्यांच्या दुकानात. तिला आग तरी कसं म्हणावं? दुकानामागच्या कोठीत रुईचा एक ढीग धुमसला, ज्वाळा धड उठलीही नाही. राजवाड्याकडून गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उडवत जाणारी मिरवणूक, बघून परतलेल्या पोरांनी हातातल्या रंगाच्या बादल्या ओतून तो विझवला आणि वर सांगायला म्हणून जिना चढले, तेव्हा कुठे खरं काय झालंय ते कळलं. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी म्हणतात. इथे आग तळाशी आणि मरण माडीवर, असा उलटाच प्रकार होता.

मध्य प्रदेश होऊन पाचेक वर्षं झाली होती. राजधानी भोपाळला गेल्याचं दुःख इंदूरकर अजून रोज सकाळी पोह्यांबरोबर चघळत होते. पण त्या आठवड्यात गल्लीला चघळायला दुर्गाबाई मिळाली. इंदिराबाईंचे चिरंजीव प्रतापराव यांनी फिर्याद दिली होती : दुर्गाबाईनं निखारे न विझवता दुकान सोडलं, आणि आईसाहेबांचा जीव घेतला. ठाण्यातले लोक सोमवारी तिला कोर्टात उभं करणार होते. अडलं होतं ते फक्त अग्निशमन खात्याच्या तपासणीसाठी.

ती तपासणी करायला आले भाऊराव बनसोडे. महूच्या छावणीत वाढलेले, हवालदाराचे चिरंजीव, शिकून इंजिनियर झालेले, आणि स्वभावानं इतके सावकाश की त्यांच्या हाताखालची माणसं म्हणत, साहेबांना आग लागली तरी आधी वाऱ्याची दिशा बघतील. नव्या इमारती आगीच्या दृष्टीनं धड आहेत की नाही हे पाहणं हे त्यांचं काम. फणसेंचं हे घर बांधलं गेलं तेव्हा त्यांनीच ते तपासलं होतं. आता ते जिन्याच्या तळाशी उभे राहून भिंतीकडे बघत होते. खाली भिंत जेमतेम मळली होती. मधल्या मजल्यावरच्या भाडेकरूचा पोपट जिन्यालगतच्या पडवीत पिंजऱ्यात मजेत मिरची खात होता. वरच्या मजल्यावर मात्र छतापासून जमिनीपर्यंत सगळं काळं ठिक्कर.

"पोपट जगला," भाऊराव स्वतःशीच म्हणाले, "आणि त्याच्याही वर बसलेलं माणूस गेलं."

धूर वर जातो हे पोरालाही कळतं. पण या घरात वर गेलेला धूर तिथे थांबायला नको होता. तशी सोय भाऊरावांनी स्वतः करून घेतली होती.

२

दुर्गाबाई दुकानाच्या उंबऱ्यात बसली होती. विधवा बाई, गाद्या-गोधड्या भरून पोट भरणारी. गल्लीतलं एकही गिऱ्हाईक तिच्याकडे फिरकत नव्हतं. समोरून जाणारे लोकसुद्धा पलीकडची बाजू धरून जात होते.

"खरं सांगा बाई," भाऊराव तिच्यासमोर पायरीवरच टेकले. "त्या दिवशी काय झालं?"

"काय सांगू साहेब. खोळींना इस्त्री करत होते, कोळशाची. ढोल ऐकू आले तसं मन गेरकडे लागलं. निखारे राखेच्या बादलीत ओतले आणि निकल गई." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "वर पाणी मारलं की नाही, तेच आठवत नाही. लाख आठवून बघितलं."

"बादली कुठे होती?"

"रुईजवळ. दुसरी जागाच कुठे आहे?" मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "ठाणेदार म्हणतात म्हातारी माझ्या हातानं गेली. गल्ली म्हणते. मलाबी वाटतं तसंच. रोज सकाळी वरून हाक मारायच्या साहेब, दुर्गे, चहा घेऊन जा म्हणून. आता सकाळी कान वरच लागून राहतात."

भाऊरावांना त्या बाईची फार दया आली. निर्दोष आहे असं सांगायला आलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. आपणच दोषी आहोत असं धरून बसलेल्या माणसाला सोडवणं जास्त अवघड असतं.

"आग तुमच्याकडून लागली असेल," ते उठत म्हणाले. "पण मरण कुणाकडून आलं, ते अजून बघायचंय."

ते जिना चढून गच्चीवर गेले. दार उघडलं आणि तिथेच थबकले. सगळी गच्ची गुलाबी झाली होती, कठडे हिरवे-जांभळे. गेरमधल्या हातपंपांची पिचकारी तीन मजले चढली होती. आणि त्या सगळ्या रंगाच्या मधोमध एक कोराकरकरीत चौकोन होता.

३

त्या चौकोनाच्या मध्यावर, जिन्याच्या बरोबर डोक्यावर, धुराचा झरोका होता. कमरेएवढं विटांचं बांधकाम, वर स्लॅब, चारही बाजूंना सिमेंटच्या तिरक्या पट्ट्या. पाऊस आत येऊ नये आणि धूर बाहेर जावा, एवढंच त्याचं काम. दोन-तीन मजली घरांत बंब पोचेपर्यंत माणसाला तारणारी हीच एक गोष्ट. आगीनं माणसं मरतात त्याहून जास्त धुरानं मरतात, हे भाऊराव प्रत्येक बिल्डरला सांगत, आणि प्रत्येक बिल्डर मान डोलावून घड्याळ बघत असे.

त्यांनी गुडघ्यावर बसून पट्ट्यांमधून बोट फिरवलं. आतली बाजू काजळीनं माखलेली होती. बाहेरची बाजू कोरी. ना काजळी, ना रंग.

म्हणजे धूर इथवर आला, आणि दाराशी येऊन अडला. रंग उडत होता तेव्हा या झरोक्यावर काहीतरी पांघरलेलं होतं. पोत्यासारखं विरळ नव्हे, चांगलं घट्ट. आणि जमिनीपर्यंत पसरलेलं, म्हणून फरशीवरही चौकोन कोरा राहिला. घरातल्या खिडक्या तर रंगाच्या भीतीनं त्या दिवशी सगळ्याच गल्लीनं लावून घेतल्या होत्या. मग घराचा रांजण व्हायला कितीसा वेळ.

पण ते पांघरूण आता नव्हतं. कुणीतरी नंतर येऊन नेलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

झरोक्याच्या कोपऱ्यातल्या कडीला काथ्याच्या दोरीचा तुकडा लोंबत होता, गुलाबी झालेला. त्याचं टोक कापलेलं होतं, पण सुरीनं नव्हे. दोन्ही बाजूंनी दाबून, चेंगरून तोडल्यासारखं. कडीपाशी गाठ तशीच शाबूत होती. भाऊरावांनी तिचं सुटं टोक सहज ओढलं.

गाठ एका झटक्यात सुटून हातात आली.

त्यांनी तो तुकडा खिशात टाकला. जी गाठ नुसती ओढली की सुटते, ती कापायचा खटाटोप कोण करील?

४

मधल्या मजल्यावरचे तुकोजी बाबर हे मिलमध्ये कारकून होते आणि गल्लीत वर्तमानपत्र. बोलायला निमित्त लागत नसे.

"झरोका?" तुकोजींनी पोपटाला आणखी एक मिरची दिली. "भिया, मी तर पहिल्या दिवसापासून म्हणतोय, ते भोक लिंपून टाका. बारिश झाली की थेंब थेंब माझ्या दारात. प्रतापरावजींना दस बार बोललो. मतलब, मी स्वतःच सिमेंट घेऊन जाणार होतो एक दिवस."

"गेलात का?"

तुकोजींचा चेहरा उतरला. "अरे नाही साहेब. असलं काय विचारता. मी सकाळपासून गेरमध्ये. पूरा मोहल्ला सांगेल, ढोल माझ्याच गळ्यात होता."

"गच्चीची चावी?"

"ती तर जिन्यात खिळ्याला. ज्याला हवी त्यानं घ्यावी." मग त्यांचा आवाज खाली आला. "त्या दिवशी अंत्यसंस्कारानंतर वहिनी, प्रतापरावजींच्या मिसेस, गेल्या होत्या ना गच्चीवर. आईसाहेबांचं अंथरूण घराबाहेर टाकायला. रीतच आहे. येताना एक बोचकं घेऊन आल्या. मी म्हटलं, द्या, मी घेतो; तर बिल्कुल हात लावू दिला नाही."

"अंथरूण टाकायला गेल्या," भाऊराव म्हणाले, "आणि बोचकं घेऊन आल्या."

तुकोजी बोलता बोलता गप्प झाले. त्यांच्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नसावं.

५

वरच्या मजल्याच्या भिंती अजून काळ्याच होत्या. मुंडण केलेले प्रतापराव सतरंजीवर बसून आईची पातळं एका धोतरात बांधत होते, कुणाला तरी द्यायला. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई पानाचा डबा पुढ्यात घेऊन नवऱ्यासाठी सुपारी कातरत होत्या. भाऊरावांना वेगळा पेला न काढता घरातल्याच कपात चहा आला. महूच्या माणसाच्या लक्षात अशा गोष्टी राहतात.

भिंतीवर काजळीनं अर्धवट झाकलेली एक तसबीर होती : भल्या मोठ्या तंबूपुढे उभे असलेले पागोटेवाले गृहस्थ.

"आमचे पणजोबा," प्रतापराव म्हणाले. "होळकर सरकारच्या फरासखान्यात होते. स्वारी निघाली की तंबू, राहुट्या, कनाती सगळं त्यांच्या हाताखाली. आईसाहेबांना फार अभिमान. सासरचं घराणं, पण माहेरासारखं सांगायच्या." त्यांनी आणखी एका पातळाची घडी घातली. "त्या बाईला सजा झाली पाहिजे, बनसोडे साहेब. माझी आई जिन्याशी खुर्ची टाकून ढोल ऐकत बसली होती हो. दमेकरी बाई. तिला काय माहीत खालून काय येतंय."

"तुम्ही कुठे होतात?"

"मावशीकडे. त्यांच्या गॅलरीतून गेर दिसते. आम्ही जाणारच नव्हतो, आईसाहेबांनीच लोटलं, जा म्हणून. सकाळी त्यांच्या सांगण्याप्रमाणे खिडक्या लावल्या, गच्चीवर जाऊन रंगपंचमीची दरसालची तयारी केली, आणि निघालो." बोलता बोलता त्यांनी गाठोड्याला दोरी आवळली. एक पातळ राहिलं होतं, ते दिसताच त्यांनी दोरीचं टोक ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली.

राहिलेलं पातळ आत कोंबून प्रतापराव गाठोडं घेऊन आतल्या खोलीत गेले, तेव्हा भाऊरावांनी कप खाली ठेवला.

"वहिनी," ते भानुमतीबाईंकडे वळले, "गच्चीवरचा तो झरोका त्या दिवशी उघडा होता का?"

"तो बाराही महिने उघडाच असतो," भानुमतीबाई म्हणाल्या. मान वर न करता, आणि जरा घाईनंच. हातातला अडकित्ता थांबला होता. त्याच्या खिळ्यापाशी, दोन पात्यांच्या बेचक्यात, काथ्याचा एक बारीक तंतू अडकला होता.

तंतू गुलाबी होता.

भाऊरावांना सगळं दिसलं, आणि दिसल्याचा आनंद मुळीच झाला नाही. गाठ बांधणारा एक आणि कापणारी दुसरी. कापणारीला सगळं ठाऊक होतं. बांधणाऱ्याला अजून काहीच माहीत नव्हतं.

"उद्या सकाळी मी इथे धूर करणार आहे," ते उठत म्हणाले. "तपासणीचा भाग आहे. तुम्ही सगळे असा."

६

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईच्या कोठीत लोखंडी घमेल्यात ओलं गवत आणि रुई पेटवली. ठाणेदार रुमाल नाकाला लावून जिन्यात उभे होते, तुकोजी पोपटाचा पिंजरा छातीशी धरून, आणि दुर्गाबाई भिंतीला टेकून, जणू आपल्यालाच पेटवतायत अशी. धूर जिन्यात आला, चढला, मधल्या मजल्यावरून निघून गेला, वरच्या मजल्याच्या छताखालून सरकला आणि झरोक्याच्या पट्ट्यांतून बाहेर आभाळात गेला. प्रतापराव आईच्या खुर्चीच्या जागी उभे होते. त्यांना साधा ठसकाही लागला नाही.

"म्हणजे म्हातारी इथे मरायलाच नको होती," ठाणेदार म्हणाले.

"नको होती," भाऊराव म्हणाले. "त्या दिवशी झरोका झाकलेला होता."

प्रतापराव वर जाणाऱ्या धुराकडे टक लावून बघत राहिले, आणि मग हळूच आतल्या खोलीत गेले.

भाऊराव गच्चीवर आले. मागोमाग भानुमतीबाई आल्या. जिन्याचं दार त्यांनी ओढून घेतलं.

"मी झाकला," त्या म्हणाल्या. "लिहा तसं. मला रंगाचे डाग आवडत नाहीत, नवा चुना दिला होता जिन्याला. मीच बांधलं."

"वहिनी," भाऊरावांनी खिशातून दोरीचा तुकडा काढला, "तुम्ही बांधलं असतं तर अडकित्ता लागला नसता. ती तंबूची गाठ आहे. बांधणाऱ्याला ती ओढून सोडता येते. ज्याला माहीत नाही तोच कापतो."

भानुमतीबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. इतके दिवस आवरलेलं रडू आता आलं, पण आवाज न करता.

"अंथरूण टाकायला आले होते. बघितलं तर राहुटीचं कापड रंगानं गुलाबी. कोपरा उचलला, तर खालून काळंशार. तेव्हा समजलं हो मला सगळं. पणजोबांच्या वेळचं मेणकापड. आईसाहेबच ट्रंकेतून काढायच्या दर रंगपंचमीला. म्हणायच्या, सरकारच्या डोक्यावर याच्यातून कधी पाणी गळलं नाही, आपल्या जिन्यात कसं गळेल. आणि हे बांधायचे, पणजोबांच्या हातची गाठ म्हणून, कौतुकानं." त्यांनी डोळे पुसले. "पाणी आत येऊ न देणारं कापड धूर तरी बाहेर कसा जाऊ देईल? आपल्या हातानं आईला कोंडलं, हे कळल्यावर हा माणूस जगेल का, बनसोडे साहेब? मी फक्त एवढाच विचार केला."

"आणि दुर्गाबाई?"

"तिचाही केला." भानुमतीबाईंनी मान खाली घातली. "रोज केला. आणि रोज यांच्या तोंडाकडे बघून गप्प बसले."

भाऊरावांनी धुराचे मार्ग शोधले होते; या बाईच्या दुःखातून बाहेर पडायला मार्ग कुठून काढायचा, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकीला सोडवायचं तर एकाला बुडवावं लागत होतं.

तेवढ्यात जिन्याचं दार उघडलं.

७

प्रतापरावांच्या हातात ते कापड होतं. एक बाजू गुलाबी, दुसरी काळी.

"ट्रंकेत तळाशी होतं, चादरीत गुंडाळलेलं," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळत नव्हतं. "खाली धूर बाहेर जाताना बघितला आणि आठवलं. मी तर त्या जागेला उजेडाची जाळी समजत होतो. धुरासाठी असते, हे मला कुणी सांगितलंच नाही हो."

भाऊरावांनी ते बिल्डरला सांगितलं होतं. घरात राहणाऱ्यांना सांगावं, असं कधी त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्या वर्षापासून मात्र कुठलीही इमारत तपासली की ते आधी घरच्या माणसांना गच्चीवर नेत आणि झरोक्यावर हात ठेवून सांगत, हे झाकायचं नाही, सणालासुद्धा नाही.

प्रतापराव बायकोजवळ गेले. तिच्या कमरेला खोचलेला अडकित्ता त्यांनी बघितला, मग भाऊरावांच्या हातातली कापलेली दोरी.

"तू मला वाचवायला बघत होतीस," ते म्हणाले. "आणि मी त्या गरीब बाईला बुडवायला निघालो होतो."

"चला खाली, पाणी घ्या थोडं," भानुमतीबाई म्हणाल्या.

"पाणी नंतर."

ते जिना उतरले. ठाणेदार काही विचारायला पुढे झाले, तर प्रतापरावांनी ते कापड त्यांच्या हातात दिलं आणि थांबले नाहीत. तळाशी दुर्गाबाई तशीच भिंतीला टेकून उभी होती. मुंडण केलेला मालक आपल्याकडे येताना बघून तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. प्रतापराव तिच्या दुकानाच्या उंबऱ्यावर, जिथे गेले कित्येक दिवस दुसरं कुणी बसत नव्हतं, तिथे बसले.

"दुर्गाबाई, आईसाहेब तुमच्यामुळे नाही गेल्या. वरची वाट मी बांधून ठेवली होती."

दुर्गाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"निखारे माझे होते, मालक," ती म्हणाली.

"हो. आणि गाठ माझी होती."

मग तीही उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघंही रडत होती, आणि गल्लीतून जाणारी माणसं त्या दिवशी पलीकडची बाजू धरायला विसरली.

फिर्याद प्रतापरावांनी स्वतः जाऊन मागे घेतली, आणि आपला जबाब लिहून दिला. निखाऱ्यांबद्दल दुर्गाबाईला समज मिळाली. राखेची बादली आता दुकानाबाहेर असते, आणि भरलेली पाण्याची तिच्या शेजारी. सकाळी वरून हाक येते, दुर्गे, चहा घेऊन जा. आवाज भानुमतीबाईंचा असतो.

पुढच्या रंगपंचमीला गेर गेली तेव्हा फणसेंच्या गच्चीवर कोरा चौकोन नव्हता. झरोक्याच्या पट्ट्यांतून गुलाबी पाणी आत आलं आणि पांढऱ्या जिन्यावरून वरून खालपर्यंत ओघळत राहिलं. घरातल्या कुणीही ते पुसलं नाही.